बोर्डावरची थाप

देवणीचा बैल घेणारा माणूस दात बघतो, खूर बघतो, दहा पावलं चालवून बघतो. वानेरा की शेवरा, हे तर तो लांबूनच सांगतो. त्याच माणसाला विचारा, मामा, घरातली वायर तांब्याची की शिलवरची? उत्तर येतं, 'लाईट लागतीय की.' आणि नाही लागली, तर बोर्डावर एक थाप.

त्या थापेची मला भीती वाटते. थाप मारल्यावर दिवा लागतो, कारण आतला सुटलेला जोड धक्क्याने क्षणभर टेकतो. रात्री घर झोपलेलं असताना तो पुन्हा सुटतो, ठिणगी पाडतो. वर जुन्या माळवदाची वाळलेली लाकडं, खाली सोयाबीनची पोती.

शिलवर म्हणजे ॲल्युमिनियम, आपल्या जर्मनच्या पातेल्याचाच धातू. साठच्या दशकात देशाला तांबं बरंचसं बाहेरून आणावं लागे आणि ॲल्युमिनियमचं खनिज बॉक्साइट मात्र घरचं होतं. म्हणून खांबावरची तार ॲल्युमिनियमची झाली, मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर झाली, आणि पुष्कळ घरांत लाकडी पट्टीवरची वायरही. अमेरिकेनेही तांबं महागल्यावर हेच केलं. 1965 ते 1973 या काळात तिथल्या सुमारे 20 लाख घरांत ॲल्युमिनियम गेलं. 1974 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज इथे एका घराला आग लागून दोघांचा जीव गेला. आग सुरू झाली होती भिंतीतल्या प्लगमागच्या ॲल्युमिनियमच्या जोडापासून. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पुढे सांगितलं की, 1972 पूर्वीच्या अशा घरांत एखादा जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा 55 पट आहे.

धातूला दोष देऊन भागणार नाही. खांबावर हाच धातू वर्षानुवर्षं उन्हापावसात टिकतो. दगा होतो तो जोडात. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच एक पातळ थर चढतो, आणि त्या थरातून वीज नीट जात नाही. तापल्यावर हा धातू तांब्यापेक्षा जास्त फुगतो, स्क्रूखाली हळूहळू दबत, पसरत जातो, आणि गार झाला की जोड सैल. त्याला तांब्याची तार पिळून वर काळी टेप गुंडाळली आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली, की दोन धातूंमध्ये गंज धरतो. गिझर किंवा शेगडी 10 अँपियर ओढत असेल आणि सैल जोडाचा अडथळा 1 ओहम झाला, तर त्या एका ठिपक्यावर 100 वॅट उष्णता तयार होते. जुना 100 चा पिवळा बल्ब बोर्डाच्या आत कोंडून ठेवल्यासारखं आहे हे.

आणि नेमकं इथेच लोक फसतात. 'एमसीबी बसवलाय की नवा,' असं अभिमानाने सांगतात. अहो, जोड तापतो तेव्हा वीज नेहमीइतकीच वाहत असते. एमसीबीला त्यात काही वावगं दिसत नाही, म्हणून तो पडत नाही. एमसीबी हवाच, गळती पकडणारा 30 मिलीअँपियरचा आरसीसीबीही हवाच, पण सैल स्क्रू त्यातला एकही आवळत नाही.

1993 मध्ये किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या भागाने मातीच्या जड छताची, माळवदाची धास्ती घेतली. कुणी माती उतरवून पत्रे टाकले, कुणी स्लॅब घातला. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत भिंत नवी, पत्रे नवे आणि वायर मात्र जुनीच, पुन्हा खिळे ठोकून बसवलेली. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला 46 वा नियम सांगत होता की ग्राहकाच्या घरातली फिटिंग पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासली गेली पाहिजे. तुमच्या घरी तपासायला कधी कोण आलं होतं, आजीला विचारून बघा.

तेव्हा आपणच बघायचं. बटन कोमट लागतंय का, प्लगभोवती प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय का, जळका वास येतो का, मिक्सर लावला की दिवा मिचमिचतो का. यातलं एकही असेल तर तो बोर्ड त्याच दिवशी बंद. स्वतः स्क्रू काढू नका, परवानाधारक वायरमन बोलवा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सगळं घर तांब्यावर नेणं, अर्थिंगसकट. पैसे एकदम नसतील तर गिझर, फ्रीज, मोटर यांना मेनपासून स्वतंत्र तांब्याची लाईन आधी द्या. उरलेल्या जोडांत दोन्ही धातूंसाठीच बनवलेला कनेक्टर घाला, जाड सर्व्हिस वायरला बायमेटॅलिक लग. पीळ आणि टेप अजिबात नको. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वायर आयएसआय खुणेचीच घ्या, कारण वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असा माल बाजारात तांबं म्हणून खपवला जातो. दुकानातच टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर तिथेच ठेवून या. आणि दिवाळीला रंग काढणार असाल तर आधी वायर, मग रंग.

गेल्या आठवड्यात आमच्या माजघरातला बोर्ड उघडला. मेन बंद करून वायरमनने चार स्क्रू काढले. आतली टेप बोटाने दाबली तर तिचा भुगा झाला. खाली तांबं आणि शिलवर एकमेकांना पिळलेले, भोवतीचं लाकूड रुपयाएवढं काळं पडलेलं. याच बोर्डावर घरातल्या प्रत्येकाने थापा मारल्या आहेत. तो आता बदलला. स्वयंपाकघरातला अजून उघडायचा आहे, वायरमन रविवारी येतोय. तोवर तिथला मिक्सर बंद, चटणी उखळात.