वाजल्यावर बघू

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्यातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी मुक्कामाला येते. कुटुंब गावाला गेले असता अज्ञात चोरट्यांनी बंद फ्लॅटचा कडीकोयंडा उचकटून दागिने व रोख रक्कम असा ऐवज लंपास केला. दरवर्षी फक्त उपनगर आणि तोळे बदलतात. ही बातमी वाचून मध्यमवर्गीय गृहस्थ दोन कामं करतो. बॅगांसकट कुटुंबाचा फोटो 'चलो कोकण, दहा दिवस मज्जा' म्हणून स्टेटसला ठेवतो आणि घराला अलार्म बसवायची चौकशी सुरू करतो.

चौकशी अर्थातच सोसायटीच्या ग्रुपवर. 'कुणी चांगला अलार्मवाला सुचवेल का?' म्हणजे आपल्या घराला अलार्म नाही हे सगळ्या सभासदांना, त्यांच्या भाडेकरूंना आणि फ्लॅट विकून गेलेल्या पण ग्रुप न सोडलेल्या मंडळींना एकदमच कळतं. उत्तरं पटापट येतात. एकाच्या मेव्हण्याचं दुकान असतं. दुसऱ्याकडे कॅमेरे बसवणाराच अलार्म फुकट देतो. तिसरे काका हात जोडलेल्या चित्रासह कळवतात की आपल्याकडे चोरण्यासारखं काहीच नाही. त्यांच्या घराला तीन कुलपं आहेत.

मग येते 'साइट व्हिजिट'. पाहणीला आलेल्या मुलाच्या गळ्यात ओळखपत्र असतं, पण ते उलटं. सुलट कर म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपण चहा टाकतो. तो वहीत लिहीत जातो. घरात माणसं किती? सकाळी कोण किती वाजता निघतं? कामाच्या मावशींकडे किल्ली असते का? मौल्यवान वस्तू कुठल्या खोलीत? जे कपाट सख्ख्या भावालाही दाखवलेलं नाही ते आपण त्याच्यापुढे उघडतो आणि वर काळजीनं विचारतो, 'इथं सेन्सर नीट बसेल ना?' एखाद्या चोराला महिनाभर पाळत ठेवून जे कळलं नसतं, ते अर्ध्या कप चहात वहीत उतरतं. रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला 2005 च्या कायद्यानुसार परवाना लागतो, रखवालदाराचा पूर्वेतिहासही तपासावा लागतो. आणि तो बिचारा बसतो फाटकावर. कपाटापर्यंत येणाऱ्याला ड्रिल मशीन पुरतं. याच्याकडून जुन्या ग्राहकांचे नंबर मागावेत, नादुरुस्तीनंतर किती तासांत येणार हे लेखी घ्यावं. आपण मागतो डिस्काउंट.

संध्याकाळी कोटेशन येतं. त्यात सगळ्यात भारदस्त नग म्हणजे पीआयआर. हे यंत्र स्वतः काही सोडत नाही, फक्त अंगाची ऊब हलताना ओळखतं. खोलीच्या कोपऱ्यात सातेक फुटांवर बसवायचं, खिडकीच्या उन्हाकडे तोंड करायचं नाही. याला आडवं चालणारा माणूस चटकन समजतो, सरळ अंगावर येणारा जरा उशिरा. तेव्हा चोरानं हॉल तिरपा ओलांडावा अशी अपेक्षा आहे. शिवाय माणूस आणि भिंत यांच्या तापमानातला फरक हाच त्याचा आधार. पुण्याचा पारा चाळिशीकडे गेला आणि बंद फ्लॅटची भिंत अंगाइतकीच तापली की साधा पीआयआर गोंधळतो. म्हणजे घरफोडीच्या हंगामातच त्याला ऊन लागतं. उरलेलं वर्षभर मात्र तो अत्यंत दक्ष असतो आणि भिंगावरून पाल गेली तरी मजला डोक्यावर घेतो. 'पाळीव प्राण्यांना चालेल' असा महागडा प्रकारही आहे, तो अमुक किलोपर्यंतच्या कुत्र्याकडे कानाडोळा करतो. चोर अंगानं किरकोळ निघाला आणि रांगत आला तर काय, हे पत्रकात दिलेलं नाही.

दाराला चुंबक. फळीला एक तुकडा, चौकटीला दुसरा; अंतर वाढलं की बोंब. पावसाळ्यात लाकूड फुगलं की दार न उघडताही अंतर वाढतं, तेव्हा जून ते सप्टेंबर यंत्राला रोजच चोर दिसतात. आणि चोरीच्या वेळी दार तर आधीच फुटलेलं असतं. यंत्र आपल्याला ते कळवतं, इतकंच. त्यातही आत येणाऱ्या मालकाला कोड दाबता यावा म्हणून पाऊण मिनिटाची सवलत ठेवलेली असते. तीच पाहुण्यालाही लागू.

कोडचं काय? बसवणारा सगळ्याच ग्राहकांकडे एकच ठेवतो, लक्षात राहायला सोपा. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइटी पाडल्या होत्या. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते, त्याला तेवढं पुरलं. पासवर्ड बदलून दे म्हटलं तर आपला अलार्मवाला दुखावतो. 'साहेब, विश्वास नाही का?'

पॅनेलमध्ये सिमकार्ड असतं. चोर शिरला की ते पाच नंबर फिरवतं. पहिला साहेबांचा; ते हिंजवडीत मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. दुसरा बाईसाहेबांचा, अनोळखी नंबर, कर्जवाला असेल म्हणून कट. तिसरा मुलाचा, तो न्यू जर्सीत गाढ झोपेत. चौथा मेव्हण्याचा, त्याच्याशी गेल्या दिवाळीपासून बोलणं नाही. पाचवा अलार्मवाल्याचाच, 'सध्या संपर्कक्षेत्राबाहेर'. हे सगळं सिमला रिचार्ज मारलेला असेल तर.

इथं तो प्रश्न येतो जो पाहणीत, कोटेशनमध्ये आणि पाच वर्षांच्या वॉरंटीत कुणीच विचारलेला नसतो. वाजल्यावर येणार कोण? ज्यानं हा धंदा वाढवला त्याला मात्र हे पहिल्यापासून ठाऊक होतं. विजेच्या अलार्मचं पेटंट बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोपनं 1853 मध्ये घेतलं, ते विकत घेतलं एडविन होम्सनं. घरात नुसती घंटा वाजवून भागत नाही हे ओळखून होम्स मंडळींनी पुढे मध्यवर्ती कचेरी उभारली: घंटा तिथं वाजायची आणि माणूस निघायचा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सबाईंचीही हीच तक्रार, पोलीस वेळेवर येत नाहीत. त्यांनी नवऱ्याबरोबर दाराला सरकता कॅमेरा, घरात पडदा आणि धोक्याचं बटण अशी योजना आखून 1969 मध्ये पेटंट मिळवलं. आज आपण जे विकत घेतो त्याचं मूळ त्यात आहे. आपण फक्त बटणापलीकडचा माणूस तेवढा वगळला. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी तर 2000 मध्ये सांगूनच टाकलं की नुसत्या भोंग्यावर आम्ही धावणार नाही, आधी कुणीतरी जाऊन बघा. पालीसाठी गाडी किती वेळा काढायची?

आपल्याकडे 112 आहे, पण तो फिरवायला शेजाऱ्याला उठावं लागतं. आमच्या सोसायटीत परवा रात्री पावणेतीनला सायरन झाला. ग्रुपवर एवढी हजेरी वार्षिक सभेलाही नसते. 'कोणाचा आहे?' 'बी विंग वाटतंय.' 'बी विंग नाही, आम्ही जागे आहोत.' 'कृपया बंद करा, उद्या मुलाचा पेपर आहे.' 'मेंटेनन्स थकवलेल्यांनी आवाज करू नये.' जिन्यात कुणीही आलं नाही. वॉचमननं मात्र नियमाप्रमाणे रजिस्टर काढून ठेवलं होतं; बाहेर जाणाऱ्यानं सही केल्याशिवाय तो सोडत नाही.

रविवारी तातडीची बैठक झाली. सचिवांनी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हवाला दिला. ते नियम लाउडस्पीकरचे आहेत असं एक वकील सभासद म्हणाले, पण त्यांचा मुद्दा चहामुळे मागे पडला. ठराव असा झाला: खासगी अलार्म रात्री दहा ते सकाळी सहा आणि दुपारी दोन ते चार बंद ठेवावेत, गावाला जाणाऱ्यांनी ते निघतानाच बंद करून जावेत, आणि तसं केल्याची नोंद तारखांसह सूचनाफलकावर लावावी. अनुमोदन तीन कुलपंवाल्या काकांनी दिलं.