किल्ला जागेवर ठेवण्याची रीत (फक्त नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक जुना नकाशा, एक मोबाइल आणि भालकी किंवा आळंदकडचे एखादे शेतकरी काका. काकांचं काम पुढे येईल.

आधी नकाशावर बीदर शोधा. अक्षांश 17 अंश 54 मिनिटं उत्तर, रेखांश 77 अंश 33 मिनिटं पूर्व. मोबाइलला हवेत दशांश अंश. तुम्हाला घाई आहे, तेव्हा 'अंश' खोडा, तिथे टिंब द्या आणि 'मिनिटं' गाळा: 17.54, 77.33. अभिनंदन! बहामनींची राजधानी पंचेचाळीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला सरकून कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीच्या शेजारी जाऊन बसली. औरंगजेबाने 1657 साली बीदरचा किल्ला जिंकला खरा, पण हलवणं त्यालाही जमलं नव्हतं.

आता काकांना विचारा, "काका, पहाणीच्या उताऱ्यात 2 एकर 20 गुंठे लिहिलंय, म्हणजे जमीन किती?" ते मान वर न करता 'अडीच एकर' म्हणतील. 2.20 म्हणणार नाहीत, कारण एकराचे गुंठे 40 असतात आणि हा हिशेब चुकला तर बांधावर काठ्या निघतात. अंशाची मिनिटं 60, एवढाच फरक. तेव्हा मिनिटांना 60 ने भागा आणि येईल ते अंशांत मिळवा. 54 भागिले 60 म्हणजे 0.9, 33 भागिले 60 म्हणजे 0.55. बीदर 17.9, 77.55. किल्ला परत जागेवर. औरादला तर भागाकारही नको: 18 अंश 15 मिनिटं म्हणजे सव्वाअठरा, 18.25.

सेकंद आले तर 3600 ने भागा. सरावाला दामरगिद्दा घ्या. सर्वेक्षक विल्यम लँबटनने 1815 साली बीदरजवळ जमिनीवर साखळ्या टाकून पायारेषा मोजली. त्याच्या मोजणीतलं दामरगिद्दा हे इथलंच महत्त्वाचं ठाणं, अक्षांश 18 अंश 3 मिनिटं 15 सेकंद. 3 भागिले 60 म्हणजे 0.05, 15 भागिले 3600 म्हणजे 0.0042, एकूण 18.0542. टिंबवाल्या घाईने 18.315 लिहिलंत, तर अर्ध्या टनाचं, कोन मोजायचं थिओडोलाइट वागवत केलेली सगळी मेहनत 29 किलोमीटर उत्तरेला जाते. मधलं शून्य गिळू नका.

टिंबापुढे चार आकडे पुरे. त्यात अकराएक मीटरपर्यंत जागा सापडते. आठ आकडे देणारेही भेटतात. त्यांना किल्ल्याचा दरवाजा मिलिमीटरवर मोजून हवा असतो, मग दरवाजाचा नेमका कुठला खिळा तेही त्यांनीच सांगावं.

आधी अक्षांश, मग रेखांश. उलट टाकलंत तर बीदर थेट नॉर्वेच्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पूर्व किनाऱ्याशी निघतं. तिकडे पांढरी अस्वलं हिंडतात.

आणि एक विनंती. कर्नाटकातल्या या सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. गावं कुठल्या राज्यात जायची ते न्यायालय ठरवेल. तोवर निदान ती भागाकार चुकवून चिंचोळीला तरी पाठवू नका.