जीर्णोद्धार

वडिलोपार्जित वास्तूचे मूळ स्वरूप यत्किंचितही न बिघडवता तिचा जीर्णोद्धार कसा करावा, याचा वस्तुपाठ ज्यांना हवा असेल त्यांनी आमच्या एका स्नेह्यांचे कोकणातील समुद्रकाठचे घर अवश्य पाहावे. भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आत ग्रामीण भागात नवे घर उठविण्यास किनारा नियमनाच्या १९९१ च्या अधिसूचनेने मज्जाव केला, परंतु जुन्याच्या दुरुस्तीस मुभा ठेवली. तेव्हा कायद्याची बूज राखणाऱ्या या गृहस्थांनी जांभ्याच्या भिंती, फणसाचे खांब आणि मंगलोरी कौले समूळ उतरवून, पायापासून वर केवळ दुरुस्तीच केली. आता सिमेंटवर जांभा हुबेहूब चितारला आहे, शेणाने सारवल्याचा आभास देणारी फरशी आहे, आणि स्लॅब गळत नसल्याने जी उणीव भासली असती ती पागोळ्यांच्या ध्वनिमुद्रणाने भरून काढली आहे. ओटीवरचा झोपाळा मात्र अस्सल पुरातन. तो जोधपूरहून मागविला.

या घरात उभा जन्म काढलेल्या वृद्ध काकू नायलॉनचे पातळ नेसतात व दिवसभर दूरदर्शन पाहतात, सबब वास्तूच्या स्वरूपाशी विसंगत ठरून त्यांची रवानगी डोंबिवलीस झाली असून, त्यांच्या जागी नऊवारीतल्या एका बाईंची दरमहा वेतनावर रीतसर नेमणूक करण्यात आली आहे.