यंदा आंबा आहे

कोकणातील बागायतदार गृहस्थाचे आर्थिक चरित्र समजून घ्यायचे, तर एक गोष्ट प्रथम मान्य करावी लागते, ती अशी की आपली मिळकत कमी करून सांगणे हा त्याच्या लेखी खोटेपणा नसून शिष्टाचार असतो. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर या समुद्रकाठच्या गावी, शंकराच्या देवळाकडे निघालेल्या कोणाही बागायतदारास आंब्याविषयी विचारले असता, झाडे फळांनी वाकलेली असली तरी, "कुठला आंबा नि काय, मोहोर सगळा गेला," असेच उत्तर मिळते, आणि विचारणाऱ्यासही दुसऱ्या उत्तराची अपेक्षा नसते. या सवयीमागे इतिहास आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा ज्या घरांनी पाहिला, त्या घरांत जमिनीची चौकशी करणारा माणूस अंगणात आला की काहीतरी जाणार, हा समज पुढील पिढ्यांना वारसाहक्काने मिळाला. भाऊबंद, दृष्ट आणि वर्गणीची पावतीपुस्तके ही कारणे त्याखेरीज. अशा गृहस्थाच्या मुलीचे लग्न इंग्लंडातील मुलाशी ठरले म्हणजे त्याच्या ठिकाणी जो मनुष्य हळूहळू तयार होतो, त्यास 'व्हिसापिता' म्हणणे सोयीचे ठरेल.

ब्रिटिश नागरिकाने, किंवा तेथे कायम वास्तव्याची परवानगी मिळालेल्या व्यक्तीने, परदेशातील जोडीदारास आणावयाचे असल्यास आपले वार्षिक उत्पन्न एका किमान मर्यादेहून कमी नाही हे सिद्ध करावे लागते. ही मर्यादा ९ जुलै २०१२ पासून १८,६०० पौंड होती, ती ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड झाली. प्रेमाला किंमत लावणारा नियम म्हणून त्याच्यावर तेथे पुष्कळ टीका झाली, न्यायालयांतही वाद गेला, आणि २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, मुलांच्या हिताबाबत सरकारला खडसावूनही, किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली. व्हिसापित्याला मात्र या अटीत गैर असे काहीच दिसत नाही. मुलाचा पगार आडून विचारण्यासाठी मध्यस्थ, मध्यस्थाची चुलती आणि दोन चहा खर्ची घालणाऱ्या समाजात तो वाढलेला असल्यामुळे, हाच प्रश्न एखादे सरकार छापील अर्जात सरळ विचारते, याचे त्याला कौतुकच वाटते. त्याची पंचाईत पुढे होते, कारण चौकशीअंती जावयाचा पगार २५,००० पौंड निघतो, आणि रुपयांत ज्या आकड्याने सबंध आळीला दिपवले होते तो आकडा ब्रिटिश गृहखात्याच्या परीक्षेत चार हजारांनी नापास ठरतो. पुण्याच्या कंपनीत मुलगी मिळवते तो पगार तरी जमेस धरावा, तर या पहिल्या अर्जात परदेशातील जोडीदाराची परदेशातील नोकरी हिशेबात येत नाही. सुनेची नोकरी चालते पण मोजत नाहीत, ही रीत आपल्याकडचीच आहे असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

उत्पन्नातील ही तूट शिलकीने भरून काढता येते, आणि येथून व्हिसापित्याचे खरे कार्य सुरू होते. त्याचे गणित असे: तुटीच्या अडीच पट आणि वर १६,००० पौंड एवढी रोकड त्या दांपत्याच्या ताब्यात सलग सहा महिने असली पाहिजे. चार हजारांच्या तुटीस २६,००० पौंड पडतात. आणि उत्पन्न शून्य असेल तर ८८,५०० पौंड, म्हणजे कोटीच्या घरातील रक्कम. हे सोळा हजार कोठून आले, असे व्हिसापिता चिपळूणच्या सी.ए.ला पुनःपुन्हा विचारतो, आणि ते दंड नसून नियम आहे हे त्याला शेवटपर्यंत पटत नाही. रक्कम आईबापांनी भेट दिलेली चालते. कर्जाऊ चालत नाही. मुदतठेव चालते, मात्र ती मुदतीपूर्वी मोडता आली पाहिजे. जमीन चालत नाही, ती विकून आलेले पैसे चालतात. परंतु वेळणेश्वरातील ज्या सातबाऱ्यावर पणजोबांपासून मुंबईच्या चुलत्यांपर्यंत सर्वांची नावे एकत्र नांदत आहेत, ती जमीन विकणे हे व्हिसा मिळवण्याहून अवघड असल्यामुळे तो मार्ग आपोआप बंद होतो. उरते ती पतसंस्थेतील ठेव. पण बँक नियामक संस्थेच्या देखरेखीखालील असावी अशी अट असल्याने, सहकार निबंधकांच्या अखत्यारीतील पतसंस्थेतून ती रक्कम काढून राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे ठेवावी लागते, आणि त्या व्यवहाराने ती रक्कम होती हे पतसंस्थेच्या चेअरमनपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांस कळते.

व्हिसापित्याच्या कपाटात या सुमारास दोन फायली शेजारी येतात. पहिली जुनी: तीत केशरी शिधापत्रिकेची, म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचे सांगणाऱ्या पत्रिकेची, छायाप्रत असते, आणि मुलीला अभियांत्रिकीच्या शुल्कात सवलत मिळावी म्हणून तहसील कार्यालयातून आणलेले, आठ लाखांच्या मर्यादेखाली सुखरूप बसणारे उत्पन्नाचे दाखले असतात. दुसरी नवी, लाल फितीची. तिचा उद्देश पहिलीच्या अगदी उलट आहे. यात फसवणूक शोधणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की प्राप्तिकर कायद्याने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले असल्याने, आयुष्यभर मिळवलेला पैसा विवरणपत्रात जवळजवळ दिसतच नाही. तो दिसतो वाशीच्या दलालाने पाठवलेल्या विक्रीच्या हिशेबात, ज्याला बागायतदार 'पट्टी' म्हणतात, आणि ती पट्टी एरवी पावसाळ्यात सरपणाच्या खोलीत सापडते.

भेटीच्या रकमेसाठी पैसा कोठून आला याचे साधे निवेदन नियमाला पुरते, पण व्हिसापित्याला ते पुरत नाही. ज्याने उभ्या आयुष्यात आपला आंबा कोणाला दाखवला नाही, त्याला दाखवण्याची एकदा परवानगी मिळाली की तो आवरत नाही. सातबारा, आठ-अ, बारा वर्षांच्या पट्ट्या, नारळ-सुपारीच्या नोंदवह्या, पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांची घरपट्टीची पावती, या सर्वांची तो इंग्रजी भाषांतरे करवून घेतो, आणि कलमांमध्ये उभे राहून काढलेले छायाचित्रही जोडतो, ज्यात मोहोर जळाल्याचे कोणतेही चिन्ह नसते. "बाबा, हे कोणी मागितलेलं नाही," असे मुलगी फोनवर सांगते. "असू दे. त्यांना वाटायला नको, आपण कोणी ऐरेगैरे," हे त्याचे उत्तर. निवेदनाच्या मसुद्यात तो स्वहस्ते लिहितो की यंदा आंबा उत्तम आहे. मात्र तो कागद गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात न नेता गुहागरला नेतो.

सहा महिन्यांचा काळ हा या चरित्रातील तपश्चर्येचा भाग. शिल्लक ठरलेल्या आकड्याच्या खाली एक दिवसही जाता कामा नये, आणि ठेव दिवाळीत ठेवली असल्याने फवारणी, राखणे, उतरवणीची मजुरी आणि पेट्यांचा खर्च हे सर्व त्याच मुदतीत येतात. परिणामी, स्वतःचे लाखो रुपये बँकेत असलेला हा गृहस्थ औषधाच्या दुकानी उधारी मागतो, दलालाकडून उचल घेतो, आणि त्याच्या दारिद्र्याच्या कहाण्यांवर प्रथमच खरेपणाची झाक येते. रक्कम रुपयांत आणि परीक्षा पौंडांत असल्याने विनिमयाचा दर हा त्याच्या घरातला आजारी माणूस होतो; सकाळी उठल्यावर प्रथम त्याची विचारपूस होते.

शेजारच्या घरचा जावई अमेरिकेत असल्यास व्हिसापित्याच्या अभ्यासाला तुलनेची जोड मिळते. तेथे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न पुरते, उत्पन्न कमी पडल्यास अमेरिकेत राहणारा दुसरा पात्र हमीदार उभा करता येतो, आणि नागरिकाच्या पत्नीसाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ताही चालते. हे ऐकून तो प्रथम हळहळतो. पण त्या हमीपत्राचे बंधन घटस्फोटानेही सुटत नाही, आणलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या चाळीस तिमाह्या तिच्या खाती जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडीपर्यंत वा हयात असेपर्यंत ते राहते, हे कळल्यावर, सप्तपदीला जे साधले नाही ते या कागदाने साधले, असा अभिप्राय तो आदरपूर्वक देतो.

यथावकाश व्हिसा येतो. त्याची मुदत तेहतीस महिन्यांची असून पुढे मुदतवाढीच्या वेळी हीच परीक्षा पुन्हा असते, फक्त तेव्हा मुलीचा तेथील पगारही धरला जातो. म्हणून विमानतळावर इतर मंडळी डोळे पुसत असता व्हिसापिता तिला पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवण्यास बजावतो. ठेव तो मोडत नाही. त्याच्या स्वभावात पडलेला फरक मात्र कायमचा असतो, आणि तो धाकट्या मुलीच्या वेळी उघड होतो. चिपळूणचे चांगले स्थळ सांगून येते, मध्यस्थ ओटीवर बसून मुलाच्या मिळकतीविषयी सूचक बोलू लागतो, आणि व्हिसापिता त्याला मध्येच थांबवून सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे उतारे आणि मालकाचे पत्र मागतो. मध्यस्थ चहा अर्धा टाकून उठतो, स्थळ दुसऱ्या आठवड्यात शृंगारतळीला जमल्याचे कळते, आणि आपण नेमके काय वावगे विचारले, हे व्हिसापिता अजून लोकांना विचारत आहे.