हसा, पण आधी कोटेशन घ्या

दात नुसते चावायला नव्हे, तर दिसायलाही बरे असावेत म्हणून पैसे खर्चू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांसाठी ही नियमावली आहे. त्यातही ती मुख्यत्वे आमच्या थोरल्या बंधूंसाठी आहे. दादांची सगळी नोकरी पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. जामीनदाराच्या सहीतली एक वेलांटी चुकली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडी ते आतून उलगडून पाहतात. असा माणूस दातांच्या दवाखान्यात शिरला की म्हणतो, "डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं." नियमावलीची निकड इथून उद्भवली.

नियम १ : हेतू खरा सांगावा.

दादांना लेकीच्या लग्नातल्या फोटोंत हसायचे होते. वरच्या पुढच्या दोन दातांत फट, एकाचा कोपरा उडालेला आणि बाकीच्यांवर चहाचा रंग, अशी परिस्थिती असताना ही इच्छा रास्तच म्हणावी लागेल. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर दादा म्हणाले, "चावताना जरा त्रास होतो." साठीच्या माणसाच्या तोंडात चावण्याचा त्रास शोधायला गेले तर तो सापडतोच. डॉक्टर सज्जन होते, सांगितले ते त्यांनी शोधले. खालच्या दाढेचा एक्स-रे निघाला, रूट कॅनलची शक्यता निघाली, कॅपचा विषय निघाला. फट होती तिथेच राहिली.

आपल्याकडे दाढ दुखण्याला मान आहे. दात चांगले दिसावेत असे वाटणे मात्र चोरून करायची गोष्ट. "या वयात कुणाला दाखवायचेत?" हा प्रश्न वहिनींनी विचारला नव्हता, मी विचारला नव्हता. तो दादांनी स्वतःलाच विचारला आणि स्वतःच लाजले. पण भाव विचारायचा तर काय हवे ते आधी कबूल करावे लागते. लाजणारे गिऱ्हाईक दुसरीकडे चौकशी करत नाही, नको म्हणत नाही आणि शेवटी सगळ्यांपेक्षा जास्त मोजते. तेव्हा पुढील वाक्य आरशासमोर पाठ करावे : "डॉक्टर, पुढचे दात फोटोत बरे दिसावेत असं वाटतं. किती खर्च येईल?" दुसरे वाक्य पहिल्याला जोडूनच म्हणावे. मध्ये खोकू नये.

नियम २ : पैशाची बोलणी बसून करावीत, आडवे पडून नव्हे.

खुर्ची एकदा मागे कलली, डोळ्यांवर दिवा आला, गालात कापसाची गुंडाळी आणि ओठाला थुंकी ओढणारी नळी लागली, की माणसाला "आँ" याखेरीज काही बोलता येत नाही. या अवस्थेत "वरचा शेजारचाही करून घेऊ या का?" असा प्रश्न आला, तर उत्तर "आँ" असेच येते आणि ते होकार म्हणून नोंदले जाते. म्हणून व्यवहाराची सर्व बोलणी टेबलापाशी, खिशात पेन आणि डोळ्यांवर स्वतःचा चष्मा असताना उरकावीत. तपासणीच्या दिवशी फक्त तपासणी करावी आणि घरी यावे. पुढच्या दातांची फट इतकी वर्षे थांबली आहे, गुरुवारपर्यंत थांबेल.

नियम ३ : कोटेशन लेखी घ्यावे, आणि दातागणिक घ्यावे.

"स्माइल डिझाइन पॅकेज" ही वस्तू नव्हे, आकडा आहे. त्यात काय काय आहे ते फोडून मागावे. दंतवैद्यांकडे प्रत्येक दाताला दोन अंकी क्रमांक असतो. वरचा उजवीकडचा पुढला दात ११, त्याच्या शेजारचा डावीकडचा २१, आणि हसताना दिसणारे वरचे सहा म्हणजे १३ ते ११ व २१ ते २३. कर्जखात्यांचे क्रमांक तोंडपाठ ठेवणाऱ्याला हे सहा क्रमांक जड नाहीत. प्रत्येक क्रमांकासमोर काय करणार, कोणत्या मटेरियलचे आणि किती रुपयांना, हे लिहून घ्यावे. तपासणी फी, एक्स-रे किंवा स्कॅन, क्लिनिंग आणि तात्पुरती कॅप आकड्यात धरली आहे की वेगळी, हे विचारावे. लॅबमधून आलेला रंग जुळला नाही तर दुसऱ्यांदा करण्याचा खर्च कोणाचा, हे तर नक्कीच विचारावे.

इम्प्लांट असेल तर त्याचे तीन भाग असतात : हाडात बसणारा स्क्रू, त्यावरचा जोड आणि वरची कॅप. ऐकलेला भाव तिन्हींचा की फक्त पहिल्याचा? अलायनर असतील तर मधेच दात हट्टाला पेटले म्हणून लागणाऱ्या जादा ट्रे आणि शेवटी लावायचा रिटेनर हिशेबात आहे का? रिटेनर चुकवला तर दात हळूहळू आपल्या मूळ गावी परततात आणि भरलेले पैसे परत येत नाहीत.

शिवाय जीएसटी. आरोग्यसेवेला तो माफ आहे. पण अपघात, इजा किंवा जन्मजात व्यंग दुरुस्त करण्यासाठी केलेली सोडून बाकी कॉस्मेटिक सर्जरी त्या माफीत बसत नाही. म्हणून आकडा कर धरून की कर वगळून, ते आधी विचारावे. कराचा दर किती, तेही विचारावे. तेवढ्या रकमेत एखाद्या वेळी मांडववाल्याचा अॅडव्हान्स भागतो.

नियम ४ : रंग निवडायला घरातल्यांना नेऊ नये.

दातांच्या रंगांची एक पट्टी असते. व्हीटा कंपनीच्या प्रचलित पट्टीत ए-१ पासून डी-४ पर्यंत १६ छटा आहेत. ए गटात तांबूस-तपकिरी झाक, बी मध्ये तांबूस-पिवळी, सी मध्ये करडी, डी मध्ये तांबूस-करडी. वहिनींना ए-२ आवडला, लेकीला त्याहून उजळ हवा होता, दादांनी सगळ्यांत पांढरा कोणता ते विचारले. मलाही मत विचारण्यात आले आणि मी ते दिले, हे सांगायला हरकत नाही. ही मंडळी साड्यांच्या दुकानात असती तर दुकानदाराने चहा मागवला असता.

यात खरी पैशाची गोष्ट एवढीच, की क्रम चुकवू नये. आधी क्लिनिंग. चहा-तंबाखूचे वरवरचे डाग तेवढ्यानेच पुष्कळ जातात आणि "आपल्याला हे एवढंच हवं होतं" असा साक्षात्कारही होऊ शकतो. मग हवे तर ब्लीचिंग. त्यानंतर साधारण दोन आठवडे थांबून, रंग स्थिरावला की कॅप, व्हिनियर किंवा फिलिंग. ब्लीचिंगने नैसर्गिक दात उजळतो, कॅप आणि फिलिंग उजळत नाहीत. आधी कॅप बसवून मग दात उजळवले, तर कॅप एकटीच जुन्या रंगात उरते आणि ती बदलण्याचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

नियम ५ : शेजाऱ्यांच्या दातांचा भाव आपल्या दातांना लावू नये. त्यांनी सांगितलेला आकडा तर कोणत्याच दातांना लावू नये.

नियम ६ : "शून्य टक्के" ऐकल्यावर कर्ज विभागात काम केल्याचे आठवावे.

हा नियम दादांना शिकवण्याची वेळ यावी याचे मला दुःख होते. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. ते परिपत्रक दादांनी त्या वेळी जेवणाच्या ताटावर आम्हाला वाचून दाखवले होते. त्याच दादांना रिसेप्शनवरच्या मुलीने "काका, झिरो कॉस्ट ईएमआय आहे" म्हटल्यावर ते म्हणाले, "अरे वा!"

अरे दादा, वा काय? हिशेब कर. समज, खर्च १,२०,००० रुपये. बारा हप्ते, महिन्याला १०,०००, व्याज शून्य. आता एकच प्रश्न विचार : "एकरकमी दिले तर किती?" उत्तर १,०८,००० आले, तर ते बारा हजार म्हणजे व्याजच, फक्त त्याची जागा बदलली आहे. ते वरवर अकरा टक्के वाटते. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, सगळी रक्कम वर्षभर तुझ्याकडे राहत नाही. घटत्या शिलकीवर मांडलेस तर दर वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी त्याच्या वर. हे तूच मला स्कूटर घेताना शिकवले होतेस.

पुन्हा गांभीर्याने. एकरकमी आणि हप्त्याचा भाव खरोखर सारखा असेल, फी नसेल, तर हप्ते खुशाल घ्यावेत आणि आपले पैसे मुदत ठेवीत ठेवावेत. पण सही करण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" मागावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते देणे बँका आणि वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे, आणि सगळे आकार धरून वार्षिक दर किती पडतो ते त्यात लिहावे लागते. मोबाइलवरून झटपट मिळालेले डिजिटल कर्ज असेल, तर किमान एक दिवसाची अशी मुदत असते, जिच्यात मुद्दल आणि तेवढ्या काळाचे व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. मुदत नेमकी किती ते त्याच कागदावर पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. अशा कर्जात दवाखान्याला पैसे वित्तसंस्थेकडून आधीच मिळतात, हप्ते तुमच्या खात्यातून नंतर जात राहतात. मधेच काम थांबले तरी हप्ता आपोआप थांबत नाही. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही अलायनर विकणारी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्धवट उपचारातल्या गिऱ्हाइकांचेही हप्ते चालूच राहतील असे तिने जाहीर केले होते. दात वाटेत, हप्ता रस्त्यावर. म्हणून जमत असेल तर टप्प्याटप्प्याने द्यावे : काही माप घेताना, काही बसवताना, उरलेले महिनाभर चावून पाहिल्यावर. घरबांधणीच्या कर्जाचे पैसे स्लॅब पडल्याशिवाय न सोडणाऱ्या अधिकाऱ्याला याहून जास्त समजवायची गरज पडू नये.

नियम ७ : मेडिक्लेमचे नाव काढू नये.

कॉस्मेटिक उपचार वगळलेले असतात, आणि दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत अपघातापुरते. डॉक्टरांना "पडलो असं लिहाल का?" विचारू नये. दादा, मी ऐकले आहे.

नियम ८ : घासाघीस करावी, पण योग्य गोष्टीची.

मटेरियलवर करू नये. भाव पाडायला लावला की वस्तूही पडेल तीच मिळते. घासाघीस करायची ती दातांच्या संख्येवर आणि कामाच्या प्रकारावर. "आठ व्हिनियर" असे आले तर विचारावे, "कमीत कमी किती दातांत भागेल?" फट बुजवायची आणि उडालेला कोपरा भरायचा एवढेच असेल, तर पुष्कळदा कंपोझिट चढवून एका सीटिंगमध्ये काम होते आणि दात फारसा घासावा लागत नाही. सिरॅमिक व्हिनियरसाठी साधारणपणे वरचे इनॅमल थोडे काढतात. काढलेले इनॅमल परत उगवत नाही. सिरॅमिक दिसते सुंदर आणि टिकते जास्त, पण दहा-पंधरा वर्षांनी बदलायची तयारी ठेवावी लागते. कंपोझिट स्वस्त, पण चहाचा रंग धरते आणि मधूनमधून पॉलिश मागते. म्हणजे आजच्या आकड्यासोबत पुढच्या बदलाचा आकडाही मांडायचा.

शेवटी एक प्रश्न हमखास विचारावा : "हे केलं नाही तर काय होईल?" किडीच्या बाबतीत उत्तर लांब येते. रूपाच्या बाबतीत प्रामाणिक डॉक्टर म्हणतात, "काही नाही." म्हणून "फक्त आजच्यापुरती सूट" या कारणाने कोणताही पुढचा दात आज करू नये.

नियम ९ : वेळ असेल तर कॉलेजात जावे.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. सरकारी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे खर्च खासगीच्या मानाने फार कमी आणि वेळ फार जास्त, कारण विद्यार्थी एकेक पायरी करून शिक्षकांना दाखवतो आणि मगच पुढे जातो. "शिकाऊ पोराच्या हातात तोंड द्यायचं?" असे दादा म्हणाले. दादांच्या हाताखाली शिकलेली पोरे आज शाखाधिकारी आहेत. ती पहिल्या दिवशी काय करत होती हे दादांनी आठवावे.

नियम १० : पावती घ्यावी. तिच्यावर दात क्रमांक आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. कॅपचे वॉरंटी कार्ड मिळाले तर ते फाईलला लावावे, देवघरात ठेवू नये.

नियम ११ : काम झाल्यावर हसावे.

हा नियम लिहावा लागेल असे वाटले नव्हते. दादांचे काम उत्तम झाले. चार दात, कंपोझिट, एकरकमी, थोडी सूटही. लग्नातले फोटो आले. प्रत्येक फोटोत दादांचे ओठ मिटलेले, कारण इतक्या वर्षांची सवय. अकरावीतल्या गॅदरिंगपासून हा माणूस असाच उभा आहे, ओठ दाबून, पैसे मागणाऱ्याला नकार देत असल्यासारखा. पाठवणीच्या एका फोटोत मात्र तो बेसावध सापडला आहे : रडता रडता जावयाच्या कसल्याशा बोलण्यावर हसताना, सगळे दात दाखवून. वहिनींनी तोच मोठा करून घेतला. दादा म्हणतात, त्यात त्यांचे नाक लाल आले आहे.

दादा, मालमत्तेवर घसारा लागतो हे तुला सांगायला नको. तू हसलास तरी तेवढाच, न हसलास तरी तेवढाच. तेव्हा वापर. सहा महिन्यांनी क्लिनिंगला जा, मी फोन करीन तेव्हा "पाहू" म्हणू नकोस. आणि सुपारी सोड म्हणून सांगून मी थकले. सोडवत नसेल तर निदान दातांनी फोडू नकोस. आईचा अडकित्ता फडताळात दुसऱ्या खणात आहे.