वकट, लेंड, मोझिला

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बीडमधल्या कुठल्याही इंग्रजी बालवाडीवरून जावं. आभाळ पांढरंफटक, गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट बघत घागरी रांगेत मांडलेल्या, आणि खिडकीतून तीस-चाळीस कोवळे आवाज एकसुरात पावसाला हाकलून लावत असतात. गाणं विलायतेतलं आहे. तिथं पोरांना खेळायला अंगण कोरडं हवं असतं, म्हणून तिथं ते शोभतं. बालाघाटाच्या उशाला बसून पावसाला ‘आज नको’ म्हणायला मात्र छाती लागते. ती या पोरांकडं आहे, कारण आपण काय म्हणतोय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बहुधा बाईंनाही नाही.

हीच पोरं संध्याकाळी घरी आली की आजी त्यांना मांडीवर घेऊन पावसाला पैसा देऊ करणारं मराठी गाणं म्हणायला लावते. म्हणजे सकाळी दहाला हकालपट्टी आणि पाचला लाच. पाऊस तरी काय करणार? बीड जिल्ह्यात तो येऊन न येऊन असतो, त्याचं हेही एक कारण असावं.

बरं, हा पैसा तरी कोणता? आजीच्या आईच्या लहानपणी बीड हैदराबाद संस्थानात होतं. तिथं निजामाचा हाली सिक्का चाले, सीमेपलीकडं इंग्रजांचा कलदार. पावसाला यातला कुठला चालतो, याचा खुलासा गाण्यात नाही. पुढं १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला, म्हणजे लाचेचा दर एका रात्रीत उतरला. ३० जून २०११ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातूनच बाद झाली. गाण्यातला पैसा खोटा निघतो, हे मराठी मुलाला पिढ्यानपिढ्या माहीत होतं. २०११नंतर त्या खोटेपणावर सरकारी शिक्काही बसला.

सरकारनं मात्र हे गाणं मनावर घेतलं. २०१९ साली राज्याच्या मंत्रिमंडळानं कृत्रिम पावसासाठी ३० कोटी रुपये मंजूर केले आणि मराठवाड्याच्या आकाशात विमान फिरू लागलं. पावसाला पैसा देण्याचा हा चांगलाच मोठा प्रस्ताव. आजीनं एक पैसा कबूल केला होता. मधली महागाई धरली तरी वाढ अंमळ जास्त वाटते.

मग २०२३च्या खरिपात दर पुन्हा खाली आला. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, पाऊस आला नाही किंवा नको तेव्हा आला तर विमा. बीड जिल्हा पीकविम्यात तसा जुना खेळाडू. २०२०मध्ये इथं कंपन्या पुढं येईनात, तेव्हा जो तोडगा काढला तो ‘बीड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. एक रुपयाची योजना २०२५मध्ये गुंडाळली गेली. त्याआधी बोगस अर्जांच्या बातम्यांत जिल्ह्याचं नाव वरचेवर झळकलं, पण तो विषय दुसऱ्या सदराचा. या सदराचा विषय तो रुपया भरायला लागणारी खिडकी, म्हणजे ब्राउझर.

रुपयाच्या योजनेचे दिवस, तारीख ३१ जुलै. गेवराई घ्या, केज घ्या, वडवणी घ्या. एसटी स्टँडच्या आसपास एक ऑनलाइन सेवा केंद्र असतंच. आत एक पोरगा, एक संगणक, एक प्रिंटर आणि वर गरगरणारा पंखा. बाहेर चपलांचा ढीग. बाकावर सातबारा, आधार, बँकेचं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर ठेवलेले आठ-दहा जण.

“नाव सांगा, मामा. जिल्हा?”

जिल्हा बीड, हे मामांना माहीत आहे. संगणकाला नाही. इंग्रजी यादीत हा जिल्हा कुठं ‘बी-डबल ई-डी’ असतो, कुठं ‘बी-आय-डी’. जुन्या गॅझेटियरमध्ये तर तो ‘बी-एच-आय-आर’ होता. आंबेजोगाईवाल्यांचं दुखणं याहून जुनं. निजामाच्या काळात त्यांच्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. ते पुसून जुनं नाव परत मिळवलं, तर आता त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या ‘ए-एम-बी’नंतर ‘ए’ की ‘ई’ यावर अर्ज अडतो. याच गावात दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ओव्या लिहिल्या. ती पासोडी उलगडत जायची आणि वाचायची. एवढं लांब पान स्क्रोल करताना मध्येच कुणी ‘कुकीज स्वीकारा’ म्हणून आडवं आल्याची नोंद नाही.

पुढचा मुक्काम कॅप्चाचा. समोरचा माणूस आहे की यंत्र, हे ओळखायची ही परीक्षा. २००३च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी तिचं बारसं केलं. पुढं हेच काम जुनी छापील पानं वाचून घ्यायला वापरलं गेलं. जगभरच्या लोकांनी वाकडी अक्षरं ओळखून दिली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक फुकटात टंकून निघाले. गावकीत याला वेठ म्हणतात. आता अक्षरांऐवजी चित्रं येतात. मामांना नऊ चौकोनांतून आगीचे बंब जोडायचे अमेरिकी नळ निवडायचे आहेत. जिथं प्यायच्या पाण्याचा नळ आठवड्यातून एकदा येतो, तिथला माणूस रस्त्यावरचा लाल नळ बघून तो रंगवलेला मैलाचा दगड समजला, तर यंत्र ठरतो.

तरी हे पार पडतं. मग ओटीपी. तो जातो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा असतो चाकणला कंपनीत, फोन लॉकरमध्ये. मुलानं जेवणाच्या सुट्टीत आकडे कळवेपर्यंत पानावर ‘सेशन संपलं’ अशी पाटी. पुन्हा नाव, पुन्हा जिल्हा, पुन्हा नळ. शेवटी रुपया कटतो आणि पावती उघडायच्या क्षणी ब्राउझर कोपऱ्यातून सांगतो, पॉप-अप अडवला आहे. अशा उपटसुंभ खिडकीचा पहिला कोड लिहिणाऱ्या इथन झुकरमन या अमेरिकी गृहस्थांनी २०१४मध्ये जाहीर माफी मागितली. ती माफीही कुठल्याशा पॉप-अपमध्ये अडकली असावी, सेवा केंद्रापर्यंत आलेली नाही.

“मामा, सर्व्हर डाऊन हाय. उद्या या.”

“कालबी तेच म्हणला व्हतास की रे.”

“काल तुमच्यावेळी लाइट नव्हती. सर्व्हर आज डाऊन झालंय.”

या संवादाला आता ओवीची लय आली आहे. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ओढायचं. सर्व्हर म्हणजे काय, तो कुठं असतो, डाऊन म्हणजे नेमका कुठं जातो, हे रांगेतलं कुणीही विचारत नाही. लोकगीत होण्याची पहिली अट हीच.

न विचारता म्हणत राहण्याची जुनी सवय बघायची असेल तर विटीदांडू बघावा. टोला मारून झाला की मोजणी सुरू होते: वकट, लेंड, मूंड, नाल, आर. पुढं गावागणिक बदल. कुठं वेद, कुठं डोळा, आणि शेवटी झकू. मराठी मुलगा शाळेत एक, दोन, तीन शिकतो आणि मैदानात वकट, लेंड. हे शब्द निरर्थक नाहीत, तेलुगू आहेत. ओकटि म्हणजे एक, रेंडु दोन, मूडु तीन, नालुगु चार. कानडीतले आकडे त्यांचे सख्खे चुलत. निजामावर ढकलावं तर तेही जमत नाही, कारण जिथं निजामाचा शिपाई कधी फिरकला नाही त्या गावांतही पोरं वकट-लेंडच म्हणतात. महाराष्ट्राचं दक्षिणेशी नातं काय, यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले. पोरांनी तो प्रश्न दांडूनं सोडवून टाकला होता.

खरी मौज ‘आर’ची. आरु म्हणजे सहा. पण आपल्या मोजणीत तो पाचव्या जागी उभा आहे. तेलुगूतला पाच, म्हणजे ‘ऐदु’, वाटेत कुठंतरी पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कुणी मागं जाऊन उचलला नाही. सातचा ‘एडु’ होता, त्याचा एखाद्या संस्कारी घरातल्या पोरानं ‘वेद’ केला असावा. चुकीची मोजणी शेकडो वर्षं बरोबर चालू आहे, कारण दोन्ही बाजूचे खेळाडू सारखंच चुकतात.

हसण्याआधी मामांच्या अर्जाकडं परत यावं. ब्राउझर कुठलंही पान मागायला जातो तेव्हा आधी आपली ओळख सांगतो. संगणकावर क्रोम असो, एज असो की सफारी, ओळखीचा पहिला शब्द एकच: ‘मोझिला ५.०’. त्यातलं मोझिला कुणीच नसतं. झालं असं, की १९९४मध्ये नेटस्केप नावाचा ब्राउझर आला. मोझिला हे त्याचं घरातलं नाव. त्याला काही नव्या गोष्टी जमत, म्हणून संकेतस्थळं सजवलेलं ताट त्यालाच वाढू लागली. पंगतीत मुलाकडच्यांना जिलबी आणि बाकीच्यांना नुसता भात, असा प्रकार. मग मायक्रोसॉफ्टचा एक्स्प्लोरर आला आणि म्हणाला, मीपण मुलाकडचाच. त्याच्यामागून आलेला म्हणाला, मी मुलाकडचा, शिवाय गेको या मोझिलाच्याच इंजिनासारखा. सफारी त्याला धरून आला, क्रोम सफारीला धरून, एज क्रोमला धरून. आज क्रोमची ओळख म्हणजे मोझिला, ॲपल, गेको आणि सफारी या सगळ्यांची नावं घेत म्हटलेली चांगली लांबलचक आरती आहे. त्यात स्वतःचं नाव तेवढं एकदा येतं. ज्या नवऱ्या मुलाच्या नावावर सगळे जेवले, त्या नेटस्केपचा कारभार २००८मध्ये बंद झाला. एक्स्प्लोररही १५ जून २०२२ला निवृत्त झाला. पंगत चालू आहे, आणि त्यातला ५.० हा आकडा वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही.

गळालेला आकडा इकडंही आहे, फक्त तो अक्षराच्या रूपात. आपण कुठल्या पानावरून आलो हे ब्राउझर पुढच्या पानाला सांगतो, त्या निरोपाला इंग्रजीत ‘रेफरर’ म्हणायचं होतं. १९९६च्या अधिकृत दस्तऐवजात त्यातला एक ‘आर’ राहून गेला. चूक कळेपर्यंत सगळ्या जगानं ती पाठ केली होती, म्हणून आजही यंत्रं एक आर गाळूनच बोलतात. विटीदांडूत आर राहिला आणि पाच गेला; इंटरनेटवर आरच गेला.

राहता राहिला गाण्यांच्या उगमशोधाचा धंदा. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत दर पावसाळ्यात कळतं, की गोल फिरून धपकन खाली बसायचं ते इंग्रजी गाणं म्हणजे लंडनच्या १६६५च्या प्लेगचं वर्णन. पोरं मरून पडतात म्हणे. बीडच्या बालवाड्याही ते हौसेनं म्हणतात, म्हणून पालकांची झोप उडते. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यानं आयुष्यभर बालगीतं गोळा केली. त्यांनी ही कथा मानली नाही. इंग्लंडात हे गाणं पहिल्यांदा छापलेलं सापडतं १८८१मध्ये, प्लेगनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. आणि प्लेगचा अर्थ त्याला चिकटला तो विसाव्या शतकात. गाण्याला जुनी शोकांतिका जोडली की ते भारदस्त वाटतं, एवढाच त्यातला रोग.

आता एक विनंती. तेलुगूतला तो हरवलेला पाच बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर, एखाद्या म्हाताऱ्या विटीदांडूबहाद्दराच्या तोंडात अजून शिल्लक असू शकतो. कुणाला आढळला तर जरूर कळवावं, पण फॉर्म भरून नको, पोस्टकार्डावर. पत्त्यात जिल्ह्याचं स्पेलिंग कसंही लिहिलं तरी चालेल. पोस्टमनला घर माहीत आहे.