प्रतिमेचा पीकविमा

मंत्र्यांच्या प्रतिमेलाही पीकविम्याचं संरक्षण द्यावं, अशी आमची शासनाला दर्यापुरातून नम्र सूचना आहे. अवकाळी पावसाचा थोडाफार तरी अंदाज येतो. मंत्र्यांच्या जिभेचा हवामान खात्यालाही येत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे आमच्याच अमरावतीत बोलून गेले की, हल्ली भिकारीही एक रुपया घेत नाही, आम्ही मात्र एक रुपयात पीकविमा दिला. जखमेवर मीठ चोळायचं तर आमच्या खारपाणपट्ट्यात ते बाहेरून आणावं लागत नाही, पण साहेबांनी आणलं. पुढे जुलैत पत्रकारांपुढे सारवासारव झाली: शेतकऱ्याला कुणी भिकारी म्हटलंच नाही, रुपया घेतं ते शासन, तेव्हा भिकारी शासन! एका वाक्याची आग विझवायला गेलेल्या माणसाने दुसरं घर पेटवलं. तेही स्वतःचं. मुख्यमंत्र्यांनाच मग हे बोलणं योग्य नाही म्हणून सांगावं लागलं.

आमच्या इथल्या बानोशाच्या कॅन्टीनवर मात्र आनंद झाला.

“म्हंजे आपन सरकारले भीक देत होतो काय बाप्पा! मंग तं पावती पाह्यजे ना.”

“पावती हाये ना, पोर्टलवर. भरपाई तेवढी दिसत नाई.”

संकटात प्रतिमा सांभाळायचं शास्त्र शिकवणारे लोक असतात, आणि त्यांची फी विमा हप्त्यासारखी नसते. शिकवतात ते साधंच: लवकर बोला, खरं बोला, एकदाच बोला, आणि ज्याला लागलं त्याच्याशी बोला. यातलं शेवटचं कलम आमच्याकडे कुणी वाचत नाही. 2017 मध्ये तूर खरेदीवरून भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवेंच्या तोंडून शेतकऱ्यांबद्दल ‘साले’ निघालं, तेव्हा ते आपल्या कार्यकर्त्याशी बोलत होते असा खुलासा आला. दिलगिरीही आली. तूर बाजार समितीच्या आवारात पडलेलीच होती.

मोबाइलचंही तसंच. जुलै 2025 मध्ये कोकाट्यांच्या सभागृहातल्या मोबाइलवरच्या रमीची चित्रफीत आमदार रोहित पवारांनी बाहेर काढली, तेव्हा साहेबांचं म्हणणं होतं की आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला खेळ बंद करत होतो. असेलही. मोबाइल भल्याभल्यांना आवरत नाही. वावरात पाणी साचल्यावर आमचा शेतकरी चिखलात पाय रुतवून उभा राहायचा, एका हाताने छत्री धरायचा, दुसऱ्या हाताने मोबाइलवर पीक, गट नंबर, नुकसानीचं कारण भरायचा, फोटो काढायचा आणि रेंज जायची. कळवायची मुदत असायची 72 तास. त्याच्या स्पष्टीकरणाला पत्रकार परिषद नसते.

31 जुलैला कृषी खातं दत्तात्रय भरण्यांकडे गेलं आणि कोकाट्यांना क्रीडा खातं मिळालं. यावर विनोद करायला शासनाने आम्हा सदरवाल्यांसाठी काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

तर आमच्या प्रतिमा-विमा योजनेच्या अटी. एक रुपया आता विसरा. 2025 च्या खरिपापासून तो बंद झाला. मूग, सोयाबीन, तुरीला विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता आणि कपाशीला 5, कारण कपाशी नगदी पीक. मंत्रीही नगदी पिकात मोडतात, सबब 5 टक्के. नुकसान उभ्या प्रतिमेचंच धरलं जाईल. प्रतिमा कापून नेल्यावर ढेकळांचे पंचनामे करायचे का, हा प्रश्न खुद्द कोकाटेसाहेबांनीच मे 2025 मध्ये पिकांबद्दल विचारून ठेवलाय, विमा कंपनीला तो आयता मिळेल. भरपाई फक्त कापणी प्रयोगावरून. एकट्याचं शेत कितीही झोपलं तरी अख्ख्या मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाखाली आल्याशिवाय छदाम मिळत नाही. शेतकऱ्यासाठी महसूल मंडळ धरतात, मंत्र्यांसाठी मंत्रिमंडळ धरावं. मग मात्र भरपाई नाकारायला कंपनीला जागा राहणार नाही.